रात्री 2 चा डेटाबेस जॉब दुपारी 12 ला हवा असेल तर? समजून घ्या

मोठ्या कार्यालयांच्या डेटाबेसमधली बरीच कामं रात्री आपोआप होतात. बॅकअप, दिवसभराच्या व्यवहारांची बेरीज, सकाळचे रिपोर्ट. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये ती 'एसक्यूएल सर्व्हर एजंट' ही सेवा करते. अशा प्रत्येक कामाला 'जॉब' म्हणतात.

आता समजा, एका कंपनीत पगाराचा हिशेब रात्री 2 च्या जॉबमध्ये होतो. सकाळी हजेरीतली चूक सापडली, दुरुस्तही झाली. पण पगाराची फाइल बँकेला आजच पाठवायची आहे. मग रात्रीपर्यंत थांबायचं का?

त्याची गरज नाही. डेटाबेसमध्ये लिहून ठेवलेल्या आणि नाव घेतलं की चालणाऱ्या आदेशांच्या संचाला स्टोअर्ड प्रोसिजर म्हणतात. 'एमएसडीबी' या सिस्टीम डेटाबेसमध्ये 'एसपी_स्टार्ट_जॉब' नावाची अशीच एक प्रोसिजर तयार असते. तिला जॉबचं नाव दिलं की तो सुरू होतो. वेळापत्रकाला हात लावावा लागत नाही. हवं तर मधल्या एखाद्या टप्प्यापासूनही सुरुवात करता येते.

'सुरू झाला' म्हणजे 'पूर्ण झाला' का?

नाही, आणि खरी गफलत इथेच होते. ही प्रोसिजर जॉब संपेपर्यंत थांबत नाही. एजंटला निरोप दिला की तिचं काम संपलं. स्क्रीनवर जॉब यशस्वीपणे सुरू झाल्याचा संदेश दिसतो. तो वाचून कुणी लगेच फाइल काढली, तर बँकेत जुनेच आकडे जातात. जॉब पुढे मध्येच फसला तरी हा संदेश बदलत नाही. खरा निकाल 'सिसजॉबहिस्टरी' या टेबलमध्ये नोंदवला जातो. तिथे 1 म्हणजे यशस्वी, 0 म्हणजे अयशस्वी.

जॉब चालू असताना पुन्हा आदेश दिला तर एजंट एरर देऊन नकार देतो. घाईत दोनदा बटण दाबणाऱ्यांसाठी हे बरंच आहे!

हा अधिकार कुणाला?

साध्या 'यूजर' रोलमधल्या व्यक्तीला फक्त स्वतःच्या मालकीचे जॉब सुरू करता येतात. 'ऑपरेटर' रोल मिळाला की सर्व्हरवरचे सगळेच स्थानिक जॉब हाती येतात. पगार विभागाला एका जॉबसाठी एवढ्या किल्ल्या देणं धोक्याचंच. त्यापेक्षा कर्मचाऱ्याने एका टेबलमध्ये मागणी नोंदवायची आणि दर मिनिटाला चालणाऱ्या छोट्या जॉबने ती पाहून मोठा जॉब सुरू करायचा. मिनिटभर उशीर होतो, एवढंच.

'एक्सप्रेस' या मोफत आवृत्तीत मात्र एजंट मिळत नाही. तिथे विंडोजच्या टास्क शेड्युलरवर भागवावं लागतं.