सुरीचे लाकडी म्यान

भाजी चिरून झाली की विळी उघडी ठेवू नये, पाते मिटवावे, हे आपण घरी नेहमी ऐकतो. जपानमध्येही अशीच एक शिस्त आहे. तेथे सुरीला लाकडी म्यान घालतात. त्याला ‘साया’ म्हणतात.

ओसाकाजवळचे साकाई शहर सुऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथे पाते घडवणारा, धार लावणारा आणि मूठ बसवणारा असे कारागीर वेगवेगळे असतात. मूठ बहुधा ‘होनोकी’ झाडाच्या लाकडाची असते. पात्याचे निमुळते टोक तापवून ते मुठीत ठोकतात. त्यामुळे मूठ झिजली तरी सुरी टाकावी लागत नाही. आपल्या हाताला बसेल अशी नवी अष्टकोनी मूठ घालता येते.

म्यानही याच लाकडाचे करतात. हे लाकूड मऊ असल्याने धार बिघडत नाही. दोन फळ्या घेऊन पात्याची आकृती उतरवतात, तेवढाच भाग कोरतात, फळ्या चिकटवतात आणि बाहेरून तासतात. पाते आत घासू नये आणि सैलही पडू नये, यातच खरे कसब! सुरी निसटू नये म्हणून आडवी लाकडी खुंटी घालतात.

ओली सुरी मात्र म्यानात कधीही ठेवू नये. लाकूड ओल धरते आणि पोलाद गंजते.

विद्यार्थी मित्रांनो, घरच्या सुरीसाठी जाड पुठ्ठ्याचे म्यान करून पाहा. माप घेताना सुरी मोठ्यांनीच धरावी. म्यानामुळे धार टिकते आणि खणात हात घालणाऱ्याची बोटेही वाचतात. आम्हाला दुसरा फायदा अधिक मोलाचा वाटतो.