पूस नदी : उगम ते संगम

पुसद शहर ज्या नदीच्या काठी वसले आहे, ती पूस नदी यवतमाळ जिल्ह्यात उगम पावत नाही. तिचा उगम वाशीमनजीक काटा या गावाजवळ होतो. तेथून डोंगररांगांतून वाट काढीत ती आग्नेयेस वाहते, पुसद व महागाव तालुक्यांतून जाते आणि हिवरा संगमजवळ पैनगंगेस मिळते. पुढे हे पाणी वर्धा, प्राणहिता व गोदावरी या नद्यांतून बंगालच्या उपसागरास जाते.

पूस ही पावसाच्या पाण्यावर वाहणारी नदी. पावसाळ्यात ती दुथडी भरते, उन्हाळ्यात तिचा प्रवाह क्षीण होतो. हे पाणी अडविण्यासाठी बांधलेले ऊर्ध्व पूस धरण १९७१ मध्ये, तर महागावनजीकचे निम्न पूस धरण १९८३ मध्ये पूर्ण झाले.

तथापि, माथ्यावरील शेतांतून वाहून आलेली माती जलाशयात साचते व त्याची साठवणक्षमता घटते. वाशीम १९९८ पासून स्वतंत्र जिल्हा आहे. परंतु उगमाकडील गावांनी केलेल्या बांधबंदिस्तीचा व वृक्षलागवडीचा लाभ त्यांच्या विहिरींप्रमाणेच पुसदच्या जलाशयासही मिळतो. म्हणूनच मृद्‌संधारणाची कामे आखताना गाव वा तालुका नव्हे, तर नदीचे संपूर्ण खोरे विचारात घेणे अगत्याचे आहे.