आकाशातील ठेव आणि सोलापूरचा विद्यार्थी

फुटलेल्या ताऱ्यांचे अवशेष न्याहाळण्यासाठी सरकारने कोट्यवधी रुपये का खर्चावेत, असा प्रश्न सोलापूरसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात कोणी विचारला, तर तो अप्रस्तुत म्हणता येणार नाही. अर्थशास्त्राच्या अध्यापकाला मात्र त्याहून निकडीचा प्रश्न दिसतो : खर्च तर झाला, त्याचे फळ कोणाच्या पदरी पडणार?

प्रचंड ताऱ्याचा स्फोट झाला, की बाहेर फेकलेले द्रव्य ताऱ्यांमधील विरळ वायूवर आदळते. या आघाताने सुमारे लाखभर अंश तापलेला वायू प्रामुख्याने जंबुपार, म्हणजेच अतिनील किरणांत प्रकाशतो. त्या किरणांच्या वर्णपटावरून कार्बन, ऑक्सिजन आदी मूलद्रव्यांचा आणि आघाताच्या वेगाचा अदमास घेता येतो. हंस तारकासमूहातील असा एक अवशेष स्फोटानंतर हजारो वर्षे लोटली तरी उजळतोच आहे. परंतु आपले वातावरण हे किरण अडविते. म्हणून दुर्बीणच वातावरणाबाहेर न्यावी लागते.

भारताने २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोटाहून सोडलेल्या ‘ॲस्ट्रोसॅट’ उपग्रहावर अशी जुळी दुर्बीण आहे. तिच्या उभारणीत बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेबरोबर पुण्याच्या ‘आयुका’चाही वाटा होता. २०१८ मध्ये तिच्या तीन विभागांपैकी निकट-जंबुपार विभाग बंद पडला. तथापि पाच वर्षांसाठी योजलेल्या या उपग्रहाने २०२५ मध्ये दहा वर्षे पूर्ण केली.

त्याची निरीक्षणे ठराविक मुदतीनंतर सर्वांना विनामूल्य खुली होतात. एकाने वापरली म्हणून दुसऱ्यासाठी ती उणी होत नाहीत. अर्थशास्त्रात सार्वजनिक संपत्ती म्हणतात ती हीच. पण दार उघडे असणे आणि आत जाता येणे यांत अंतर आहे. संगणक, प्रशिक्षण आणि मार्गदर्शक शिक्षक नसेल, तर खुली ठेवही मोजक्या संस्थांचीच मिरासदारी ठरते.

विद्यापीठे व महाविद्यालयांतील अध्यापकांना संशोधनाची वाट मिळावी, याच हेतूने डॉ. जयंत नारळीकरांच्या नेतृत्वाखाली १९८८ मध्ये ‘आयुका’ स्थापन झाली. पुणे येथून अवघ्या अडीचशे किलोमीटरवर आहे. आपल्या प्रत्येक विज्ञान महाविद्यालयाने एक अध्यापक तेथे प्रशिक्षणास धाडावा आणि पदवीच्या अखेरच्या वर्षी या निरीक्षणांवर एक छोटा प्रकल्प ठेवावा. यासाठी नवी दुर्बीण नको, नवा उपग्रह नको. करदात्याने किंमत आधीच चुकविली आहे. माल उचलायचे तेवढे राहिले आहे.