समुद्रावरची आंघोळ आणि आपली बादली

उन्हाळा तोंडावर आला, की आपल्या उदगीर-लातूरकडच्या बायकांच्या बोलण्यात पहिला विषय पाण्याचा. नळ कधी आला, किती वेळ टिकला, टँकर कोणत्या गल्लीत उभा आहे, कुणाच्या बोअरने मान टाकली! २०१६ च्या एप्रिलमध्ये तर मिरजेहून रेल्वेच्या टाक्या भरून लातूरला पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीला दहा टाक्या आणि त्यांत पाच लाख लिटर पाणी होतं. असे दिवस काढलेल्या आपल्याला कुणी म्हणालं, की पाणी जपून कसं वापरावं ते समुद्रावरच्या बायकांकडून शिका, तर हसूच येईल. ज्यांच्या दाराशी आख्खा समुद्र, त्यांना कसली आलीय टंचाई!

पण मैत्रिणींनो, शिडाच्या नावेतून महिनोन्‌महिने प्रवास करणाऱ्यांना जेवढी पाण्याची चणचण असते, तेवढी क्वचितच कुणाला असेल. दुष्काळात आपल्याला निदान टँकरची वाट तरी पाहता येते. तिथे वाट पाहायची ती फक्त पावसाची.

सहाजणी आणि एक नाव

आपल्या नौदलाची ‘तारिणी’ नावाची शिडाची नाव आहे. गोव्यात बांधलेली, लांबी ५६ फूट. सप्टेंबर २०१७ मध्ये लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकारी या नावेतून गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीला वळसा घालून मे २०१८ मध्ये गोव्यालाच परतल्या. बरोबर प्रतिभा जामवाल, स्वाती पी., ऐश्वर्या बोड्डापाटी, विजयादेवी आणि पायल गुप्ता होत्या. त्यानंतर ऑक्टोबर २०२४ ते मे २०२५ या काळात दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनीच तीच नाव जगाभोवती फिरवून आणली. त्याआधी २००९-१० मध्ये नौदलातले दिलीप दोंदे हे आपले मराठी गृहस्थ ‘म्हादेई’ या नावेतून एकटेच पृथ्वीप्रदक्षिणा करून आले होते. असा प्रवास करणारे ते पहिले भारतीय.

या सगळ्यांच्या धाडसाबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे. आपण बायका मात्र वेगळा प्रश्न विचारणार : अहो, आंघोळीचं काय?

जरा हिशेब मांडून पाहू. सहाजणींच्या त्या प्रवासात न्यूझीलंडहून दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालून फॉकलंड बेटांपर्यंतचा एकच टप्पा ४१ दिवसांचा होता. रोज प्रत्येकीला पंधरा लिटरची एक बादली धरली, तर नुसत्या आंघोळीलाच ३,६९० लिटर पाणी लागेल. पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलो. म्हणजे साडेतीन टनांहून जास्त वजन केवळ आंघोळीचं! पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी पाच लिटर धरले, तर आणखी १,२३० लिटर. छप्पन्न फुटांत झोपायची जागा, ओटा, शिधा, शिडं, दोर, यंत्रं एवढं सगळं मावायचं, तिथे आंघोळीसाठी टाकी ठेवणार कुठे?

म्हणून लांब पल्ल्याच्या नावांवर गोड्या पाण्याचा क्रम ठरलेला असतो. आधी पिण्याचं, मग स्वयंपाकाचं, मग जखम-दुखणं आणि शरीराची आवश्यक स्वच्छता, आणि सर्वांत शेवटी आंघोळ.

समुद्राचं पाणी का चालत नाही?

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. ते पिता येत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. पण अंगावर घ्यायला काय हरकत? हरकत दोन प्रकारची.

पहिली साबणाची. साध्या साबणाला समुद्राच्या पाण्यात फेस येत नाही. त्या पाण्यातल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियमशी साबणाची गाठ पडली, की त्याचा चिकट साका होतो. हा अनुभव घ्यायला आपल्याला समुद्रावर जायला नको. बोअरच्या जड पाण्यात साबण घासून घासून झिजतो, फेस मात्र येत नाही आणि बादलीच्या कडेला पांढरट थर बसतो, तो हाच प्रकार. खलाशी यावर शाम्पू किंवा भांड्यांचं पातळ साबण वापरतात, कारण त्याला खाऱ्या पाण्यातही फेस येतो. खोबरेल तेलाचा साबणही खाऱ्या पाण्यात इतर साबणांपेक्षा बरा चालतो. जुन्या काळी खलाशांसाठी तो मुद्दाम बनवत.

दुसरी हरकत मिठाची. श्रावणात आपल्या बरणीतल्या मिठाला कसं पाणी सुटतं! अंगावर वाळलेलं मीठही तसंच हवेतली ओल ओढून घेतं. कातडी कायम ओलसर, चिकट राहते, खाज सुटते, घर्षणाच्या जागी फोड येतात. खाऱ्या पाण्यात धुतलेले कपडे तर पुरते सुकतच नाहीत.

दोन लिटरांत आंघोळ

मग खलाशी करतात काय? हवा उबदार असली, तर दोराला बादली बांधून समुद्राचं पाणी वर ओढायचं. त्याने अंग भिजवायचं, शाम्पू लावून घासायचं आणि समुद्राच्याच पाण्याने धुऊन टाकायचं. अंग वाळण्याच्या आत टॉवेलने निपटून घ्यायचं. त्यामुळे बरंचसं मीठ पाण्याबरोबर टॉवेलात जातं. उरलेलं घालवायला शेवटी गोडं पाणी, तेही एक-दोन लिटर. थंडगार दक्षिण समुद्रात हेही जमत नाही. तिथे ओल्या फडक्याने अंग पुसण्यावरच भागवावं लागतं.

हे शेवटचं गोडं पाणी अंगावर घेण्यासाठी कितीतरी खलाशी काय वापरतात ठाऊक आहे? फवारणीचा हातपंप! हवा भरायची, खटका दाबायचा, बारीक फवारा सुटतो. तांब्याने ओतलेलं पाणी अंगावरून धावत मोरीत जातं. फवाऱ्याचं पाणी मात्र अंगावर रेंगाळतं आणि साबण उतरवतं. दोन लिटरांत स्वच्छ आंघोळ होते ती या युक्तीने.

आता आपल्या न्हाणीघराकडे वळू. आपल्याकडे पुष्कळ घरांत दोन प्रकारचं पाणी असतं. बोअरचं जड आणि नळाचं गोडं. नावेवरचा धडा इथे जसाच्या तसा लागू पडतो : आधी जड, शेवटी गोडं. अंग भिजवायला, पाय घासायला, पहिला साबण उतरवायला बोअरचं पाणी. शेवटचे दोन-तीन तांबे नळाचे. केस मात्र शक्यतो गोड्या पाण्यानेच धुवावेत. जड पाण्यात साबण केसांत अडकून राहतो आणि तो काढायला दुप्पट पाणी जातं.

मी घरी लिटरच्या मापाने मोजून पाहिलं. आमची नेहमीची बादली सोळा लिटरांची. डोक्यावरचा फवारा सोडला, तर मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी सहज जातं. पण अंग भिजवायला एक लिटर, मग पाणी बंद करून साबण, आणि धुवायला चार लिटर, असं ठरवून केलं तर पाच लिटरांत मोठ्या माणसाची आंघोळ नीट होते. सारी गंमत साबण लावताना पाणी बंद ठेवण्यात आहे.

फवारणीचा पंप वापरून पाहायचा असेल, तर कुंड्यांसाठी मिळतो तो दोन किंवा पाच लिटरचा, नवा कोरा आणावा. शेतात औषध मारलेला पंप कितीही धुतला तरी न्हाणीघरात आणू नये. त्यात कढत पाणीही भरू नये, कोमटच भरावं. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाला स्वच्छ करायला हा पंप फार उपयोगी पडतो.

पाऊस आला, न्हायला चला

विषुववृत्ताजवळ आभाळ दाटून आलं, की नावेवर सणाचं वातावरण असतं. शिडावरून ओघळणारं पावसाचं पाणी खालच्या आडव्या दांडीपाशी गोळा होतं, तिथे बादली लावतात. पहिलं पाणी मात्र टाकून देतात, कारण शिडावर साचलेलं मीठ त्यात उतरलेलं असतं. मग टाक्या भरायच्या आणि डोक्यावरून मनसोक्त न्हाऊन घ्यायचं.

आपल्या माळवदांच्या पन्हाळीखाली घागरी लावणाऱ्या आजीला हे नवं वाटलं नसतं. तीही पहिल्या पावसाचं पाणी जाऊ द्यायची. आता सिमेंटचं छत आहे, पन्हाळीच्या जागी नळी आहे, आणि बहुतेक घरांत ती सरळ गटाराकडे सोडलेली आहे. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. पाचशे चौरस फुटांच्या छतावर दहा मिलिमीटरची एक सर आली, तर साडेचारशे लिटरांच्या आसपास पाणी पडतं. पाच लिटरच्या हिशेबाने नव्वद आंघोळी! नळीखाली एक पिंप ठेवायला काय हरकत आहे?

समुद्राचं पाणी गोडं करणारी यंत्रंही नावांवर असतात. आपल्या घरातल्या आरओचाच तो थोरला भाऊ. पण खारं पाणी पडद्यातून ढकलायला हवेच्या दाबाच्या पन्नास-साठ पट दाब लागतो, वीज लागते. यंत्र भर समुद्रात बिघडू शकतं, म्हणून शहाणा खलाशी यंत्र असूनही टाकीतलं पाणी राखूनच वापरतो. घरच्या आरओबद्दल मात्र एक लक्षात ठेवावं. एक लिटर पिण्याच्या पाण्यामागे दोन-तीन लिटर पाणी तो बाहेर टाकतो. त्या नळीखाली बादली ठेवा. फरशी पुसायला, संडासात टाकायला ते पाणी उत्तम.

माप सगळ्यांना सारखं

इथवरच्या गोष्टी युक्तीच्या झाल्या. पण नावेवरच्या पाण्याची मला सर्वांत पटलेली गोष्ट वेगळी आहे. लांबच्या प्रवासात टाकीत किती पाणी आहे ते मोजून लिहून ठेवतात. पाणी कमी पडायला लागलं, की सर्वांचं माप कमी होतं. कप्तानाचं वेगळं, स्वयंपाक करणाऱ्याचं वेगळं, असं चालत नाही. एकजण आजारी पडला तर त्याचं काम बाकीच्यांवर येणार, हे सगळ्यांना कळत असतं.

आपल्या घरी काय होतं? टंचाईच्या दिवसांत आधी यांची आंघोळ, कारण ऑफिस आहे. मग मुलांची, कारण शाळा आहे. मग सासूबाई-मामंजींची, कारण देवपूजा आहे. तळाशी उरलेल्या दोन तांब्यांत घरच्या बाईची. पुष्कळदा तेही नाही. न्हायचा वार पुढे ढकलायचा, तोंडावर पाणी मारायचं आणि पोळ्या लाटायला बसायचं. बाहेर जायचं झालं, तर पाणीही कमी प्यायचं, म्हणजे मध्येच संडास शोधायला नको. यात आपण फार काटकसर केली असं आपल्याला वाटतं आणि घरातल्या कुणाला ते दिसतही नाही.

ही काटकसर महागात पडते, बायांनो. पाणी कमी प्यायल्याने आणि लघवी रोखून धरल्याने मूत्रमार्गाला जंतुसंसर्ग होण्याची भीती वाढते. पाळीच्या दिवसांत तर बाहेरचा भाग साध्या पाण्याने स्वच्छ ठेवणं आणि पॅड दर चार-सहा तासांनी बदलणं जरुरीचं असतं. कापड वापरत असाल तर ते नीट धुऊन उन्हात वाळवायलाही पाणी हवंच. म्हणजे नेमकं ज्या दिवसांत तिला जास्त पाणी लागतं, त्या दिवसांतही ती सर्वांना देऊन उरलेलंच घेते. नावेवरच्या क्रमात शरीराची आवश्यक स्वच्छता आंघोळीच्या आधी येते, हे इथे आठवावं.

म्हणून येत्या उन्हाळ्याआधी घरात एवढं करून पाहा. टाकीची उंची मोजणारी एक काठी करा, तिच्यावर खुणा करा आणि रोज सकाळी किती पाणी आहे ते कॅलेंडरवर लिहा. लिहायचं काम मुलांना द्या, त्यांना आवडतं. पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी आधी बाजूला काढा. त्यानंतर घरात जितकी माणसं, तितके आंघोळीचे समान वाटे करा. तुमचा वाटा पहाटेच वेगळ्या बादलीत भरून झाकून ठेवा. पाळीच्या दिवसांत त्यात दोन लिटर जास्त घाला. ‘ही बादली कुणाची?’ असं कुणी विचारलं, तर मोकळेपणाने ‘माझी’ म्हणून सांगा. सासूबाईंना आधी विश्वासात घ्या. त्यांनीही सारा जन्म तळच्या दोन तांब्यांतच आंघोळ केलेली असते, त्यामुळे तुमचं म्हणणं त्यांना सर्वांआधी पटेल.

पहिले चार दिवस कुरकुर होईल. बंद नळाखाली साबण लावायची मुलांना सवय नसते, मोठ्यांना तर त्याहून नसते. पण आठवड्याच्या शेवटी कॅलेंडरवरचे आकडे सगळ्यांना दाखवा. किती पाणी वाचलं ते आकड्यांत दिसलं, की बोलणं आपोआप थांबतं. करून पाहा, आणि तुमच्या घरी एका आंघोळीला किती लिटर लागले ते जरूर लिहून कळवा.