प्रशिक्षकाला विचारलेले प्रश्न

सप्टेंबरातील गुरुवारी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सायंकाळचे सात वाजतात, तेव्हा बंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत शुक्रवारच्या पहाटेचे साडेचार झालेले असतात. अशा एखाद्या सायंकाळी तिकडे विद्यापीठाचा फुटबॉल-प्रशिक्षक ध्वनिक्षेपकापुढे बसतो आणि चाहत्यांच्या प्रश्नांना उत्तरे देतो. तिकडे शिकून परतलेला आपला अभियंता आंतरजालाच्या साह्याने ती येथे ऐकू शकतो.

हा फुटबॉल आपल्या परिचयाचा नव्हे. यात चेंडू हाती घेऊन धावतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते. सामने बहुधा शनिवारी होतात आणि प्रशिक्षकाचा हा कार्यक्रम आठवड्यातून एकदा. 'चौथा प्रयत्न न करता चेंडू लाथेने दूर का धाडलात?' असे एखादा दुकानदारही त्याला विचारू शकतो.

हा अधिकार आला कोठून? तेथील अनेक राज्यांत शासकीय सेवकांपैकी सर्वाधिक वेतन राज्य विद्यापीठाच्या फुटबॉल-प्रशिक्षकाला मिळते. ज्याचे पद लोकाश्रयावर उभे, त्याने लोकांना उत्तर द्यावे, अशी त्यामागील अपेक्षा आहे.

परंतु खेळाडू हे अखेर विद्यार्थी होत. म्हणून 'अमक्याने चेंडू का सोडला?' या प्रश्नावर सुज्ञ प्रशिक्षक त्या मुलाला दोष देत नाही; डाव कसा आखला होता, ते समजावून सांगतो. पराभवानंतर आपणही प्रथम 'कोणामुळे हरलो?' असेच विचारतो. 'का हरलो?' असे विचारले, तरच उत्तरातून खेळ कळू लागतो.