जोशीही चार, गोरेही चार

मंडळी, गणेशोत्सवाची नोंदणी वेबसाइटवर देवनागरीत घ्यायला लागलो आणि दोन तक्रारी आल्या. रोमन लिपीत ‘कुलकर्णी’ शोधलं तर सापडतात, मराठीत शोधलं तर एरर! आणि यादीत कित्येक नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं.

या गोंधळाचं मूळ स्वीडनमध्ये आहे म्हटलं तर हसाल. आपली वेबसाइट वर्डप्रेसवर चालते, तिची माहिती मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये असते. तो काढणारी कंपनी १९९५ साली स्वीडनमध्ये सुरू झाली. वेगळं सांगितलं नाही तर हा डेटाबेस अक्षरं ‘लॅटिन-१’ संचात ठेवायचा आणि स्वीडिश पद्धतीने लावायचा. २०१८ मध्ये आठवी आवृत्ती आली, तेव्हा कुठे हे बदललं. आपला डेटाबेस त्याआधीचा. नोंदणीच्या प्लगइनने टेबल बनवताना अक्षरसंच सांगितलाच नव्हता, म्हणून तेही लॅटिन-१ मध्ये बनलं.

त्या संचात देवनागरीला जागाच नाही. रोमन अक्षरं दोन्हीकडे सारखी, म्हणून तो शोध चालतो; ‘कुलकर्णी’ची तुलना मात्र होऊच शकत नाही. साठवताना तर आणखी वाईट: वर्डप्रेस डेटाबेसची कडक तपासणी बंद ठेवतं, त्यामुळे चूक न दाखवता प्रत्येक अक्षराचं, काना-मात्रेचंसुद्धा, एकेक प्रश्नचिन्ह होतं. कुलकर्णींची आठ. जोशी चार, गोरेही चार! आता यातले जोशी कोण, हे ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही.

दुरुस्ती तशी लहान. आधी बॅकअप, त्याच्या कॉपीवर चाचणी, मग ‘ऑल्टर टेबल’ने टेबल ‘यूटीएफ-८ एमबी-४’ मध्ये बदललं. प्लगइनमध्येही वर्डप्रेसचाच अक्षरसंच घेण्याची ओळ घातली. इतर मंडळांच्या कार्यकर्त्यांना एक सूचना: तुमच्याकडे प्रश्नचिन्हांऐवजी ‘à¤’ असली चिन्हं दिसत असतील तर थांबा. तिथे मूळ मराठी शाबूत असते, आणि थेट बदल केला तर ती बिघडते. कॉलम आधी ‘ब्लॉब’ करायचा, मग यूटीएफ-८ एमबी-४.

आपली पुसलेली नावं मात्र कुठल्याच आज्ञेने परत येणार नव्हती. नशीब, नोंदणीची पोच म्हणून गेलेल्या ईमेलमध्ये ती नीट होती. त्यावरून दोघींनी बसून सगळी पुन्हा टाइप केली आहेत. छापील यादी पुढच्या कार्यक्रमाला दाराशी ठेवू. आपलं नाव, विशेषतः आजी-आजोबांचं, तेवढं तपासून घ्या.