विश्लेषण : रॉकेलने देवमासे खरेच वाचवले का?

अमेरिकेत खनिज तेल सापडले, घरोघरी रॉकेलचे दिवे आले आणि देवमाशांची कत्तल थांबली, असे सर्रास सांगितले जाते. ते फार तर अर्धे खरे आहे.

देवमासा घरात कुठे होता?

अठराव्या-एकोणिसाव्या शतकात अमेरिका-युरोपातील अनेक घरांत दिव्याला देवमाशाचे तेल लागे. स्वस्त तेलाला वास येई आणि धूर होई. पैसेवाल्यांकडे मात्र ‘स्पर्म व्हेल’च्या डोक्यातील मेणासारख्या पदार्थाच्या मेणबत्त्या असत. त्या इतक्या एकसारख्या जळत की, ब्रिटनने 1860 च्या कायद्यात गॅसच्या दिव्यांचा उजेड मोजायला हीच मेणबत्ती प्रमाण मानली. न्यू बेडफर्डसारखे बंदर याच व्यापारावर गबर झाले.

कॉर्सेटमधल्या ताठ पट्ट्या आणि छत्रीच्या काड्याही देवमाशाच्याच. त्यांना ‘हाड’ म्हणत, पण ते हाड नव्हतेच. देवमाशाच्या तोंडातली ती गाळणी आपल्या नखांसारख्याच केराटिनची असते.

रॉकेल आल्यावर काय झाले?

1859 मध्ये पेनसिल्व्हेनियात एडविन ड्रेक यांच्या विहिरीला तेल लागले. तोवर देवमासे दुर्मीळ होऊन त्यांचे तेल महागले होतेच. रॉकेलने दिवा काबीज केला. तरी कॉर्सेटच्या पट्ट्यांसाठी आर्क्टिकमधील शिकार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सुरूच राहिली.

मग कत्तल वाढली कशी?

दिव्यातून गेलेला देवमासा ताटात आला. 1902 मध्ये जर्मन रसायनतज्ज्ञ विल्हेल्म नॉर्मन यांनी पातळ तेल घट्ट करण्याच्या प्रक्रियेचे पेटंट घेतले. आपल्याकडचा डालडा याच तंत्राचा. युरोपात देवमाशाचे तेल मार्गारिन आणि साबणात जाऊ लागले. पूर्वी शिडाच्या जहाजांना न सापडणारा निळा देवमासा आता इंजिनाच्या बोटी आणि स्फोटक भाल्यांच्या टप्प्यात आला. म्हणजे ज्या खनिज तेलाला श्रेय दिले जाते, त्यावरच पुढे शिकारी जहाजे धावली. विसाव्या शतकात सुमारे 29 लाख देवमासे मारले गेले. अमेरिकेत मोटारींच्या गिअरच्या तेलातही 1970 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत स्पर्म व्हेलचे तेल असे.

बंदी कधी आली?

आंतरराष्ट्रीय व्हेल आयोगाने व्यापारी शिकार थांबवण्याचा निर्णय 1982 मध्ये घेतला; तो 1986 पासून अमलात आला. जपान, नॉर्वे आणि आइसलँड यांनी त्यानंतरही शिकार केली. अत्तरात वापरल्या जाणाऱ्या ‘व्हेलच्या उलटी’ची हाव मात्र आपल्या किनाऱ्यावरही आहे. ती विकताना पकडल्याच्या बातम्या कोकणातून अधूनमधून येतात. भारतात ती बाळगणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, मग ती वाळूत सापडलेली का असेना.